चष्म्याचं घर

मंगळवार, ४ मार्च, दुपार

बारके,

तो आज सकाळी सात चाळीसच्या बसने तुझ्या गावाकडे निघाला. बातमी पक्की आहे. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी सांगितली. त्यांचा चष्मा माझ्याच हातचा, म्हणून त्यांनी रांग थांबवून मला उत्तर दिलं. "एकच घेतलं, जाण्याचं," म्हणाल्या. "परतीचं आत्ताच काढून ठेवा म्हटलं, तर हसले. येताना दोन लागतील म्हणाले, तिकडूनच काढतो. भले आहेत हो तुमचे मेहुणे."

बस उद्या दुपारी एकला पोचते. हे पत्र तुझ्या पोस्टातल्या पेटीत पडेल गुरुवारी. आणि तू पेटी उघडणार पाच एप्रिलला, कारण महिन्यातून एकदाच, पहिल्या शनिवारी, हा नियम तूच घातलास. या महिन्याचा पहिला शनिवार तीन दिवसांपूर्वी होऊन गेला. हे सगळं कळत असूनही मी लिहितेय. तुझा फोन नाही, पत्ता नाही, तिकडे तू कोणतं नाव लावतेस तेही मला माहीत नाही. तूच म्हणालीस, जे माहीत नसतं ते तोंडातून निघत नाही. माझ्याकडे फक्त पेटीचा नंबर आहे.

एखाद्या वेळी तू नियम मोडशील. लहानपणी रोज मोडायचीस, आता एकदा मोड. आणि हे वाचलंस तर तशीच निघ. सामान घ्यायला खोलीवर जाऊ नकोस. काही राहिलं तर राहू दे.

पोलिसांकडे जा असं म्हणणार होते, पण तुझ्या बेपत्ता होण्याची तक्रार त्यानेच नोंदवलेली आहे. सापडली की त्यालाच कळवतील. दोन वर्षं चार महिने झाले, गल्लीत त्याला अजून 'बिचारा' म्हणतात. दर रविवारी येतो, आईची औषधं आणतो, दिवा गेला तर बदलतो. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला बाहेरच्या बाकावर तोच बसला होता.

मी स्वतः येणार होते. पण आई अजून एकटी उठू शकत नाही, हे एक. दुसरं असं की काल संध्याकाळी त्याने आईला बसची वेळसुद्धा सांगितली. कशाला सांगेल? मी धावत सुटावं आणि त्याला तुझ्या दारापर्यंत घेऊन जावं म्हणूनच.

त्याला गाव कसं कळलं, मला ठाऊक नाही. आईने माझ्या पिशवीतल्या पाकिटावरचा शिक्का पाहिला असेल. तिला तोंड आवरत नाही, तुला माहीतच आहे.

ताई


बुधवार, ५ मार्च, दुकानातून

बारके,

एक वाजून गेला. तो उतरला असेल.

सकाळपासून दोन काचा फुकट घालवल्या. एक फ्रेमपेक्षा बारीक घासली गेली, एक उलटी बसवली. मालक म्हणाले, "तुमचे स्वतःचे डोळे तपासून घ्या आता." एरवी मी उलट काहीतरी बोलले असते.

काल रात्री जेवताना आईला धरलं. म्हटलं, तू जावयाला काय सांगितलंस?

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही दोघींनी मला कधी काही सांगितलंय? मी या घरातलं टेबल आहे. माझ्यावर ताटं ठेवायची आणि माझ्यासमोर इंग्रजीत बोलायचं."

"आपण इंग्रजीत कधी बोललो?"

"तेच ते. कुजबुज."

मग भाजी चिवडत म्हणाली, "जिवंत आहे ना ती? एवढंच सांग. हो का नाही."

मी तिच्या ताटात पोळी वाढली. माझ्याकडे बघत बसली, मग घास घेतला. काल ती पोटभर जेवली, बारके. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मी तिचं ताट उचलत होते तेव्हा म्हणाली, "जावई मला म्हणाले, आई, तिचं घर सापडलं. मोठीनंच दिलं. मी म्हटलं, ती कशी देईल? तिला कुठे माहीत?"

आईचं वय झालंय. काहीतरीच ऐकते.

दुसरंच सांगते. तुझा चष्मा माझ्याकडे नऊ वेळा दुरुस्तीला आला. पडला, त्यावर बसले, दारात अडकला. नऊही वेळा मी काडी सरळ केली, स्क्रू घातला आणि तुला वेंधळी म्हटलं. दहाव्या वेळी चष्मा घेऊन तो आला. म्हटलं, ती कुठे आहे? म्हणाला, "घरीच आहे की. जाणार कुठे?" मी म्हटलं, दहा मिनिटांत देते. तर म्हणाला, "काही घाई नाही, ताई. चार दिवसांनी द्या."

उणे साडेनऊ आणि उणे अकरा. हा नंबर असलेल्या बाईला चष्म्याशिवाय हाताच्या पंजापलीकडे काही दिसत नाही. जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, दाराची कडी दिसत नाही. मी रोज हेच काम करते. आणि चार दिवस हा शब्द कानावर पडेपर्यंत मला समजलं नाही की तुला मारायला त्याला हात लागतच नव्हता. तो नुसता चष्मा काढून कपाटावर ठेवायचा.

हे मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज का लिहितेय? कारण आज दुसरं एक लिहायचं आहे आणि हात तिकडे वळत नाही. मालक बोलावतायत.

ताई


गुरुवार, ६ मार्च

बारके,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आईने काही सांगितलेलं नाही. सांगितलं मी. म्हणजे सांगितलंही नाही, हातात दिलं.

जानेवारीत तू तिकडे केलेला नवा चष्मा मला पाठवलास. डोकं दुखतंय, तूच बघ म्हणालीस. डाव्या डोळ्याचा अक्ष, म्हणजे काच बसवायचा कोन, पाच अंशांनी चुकला होता. मी काच नवी घातली. परत पाठवताना मला केवढी अक्कल सुचली! आमच्या दुकानाचं नाव तुझ्या हातात कुणाला दिसू नये म्हणून मी बिननावाचं घर शोधून काढलं आणि त्यात चष्मा पाठवला. तू ज्या निळ्या घरातून पाठवला होतास ते माझ्या खणात राहिलं. त्यावर सोनेरी अक्षरात तिकडच्या दुकानाचं नाव, रस्ता आणि गाव.

शनिवारी तो त्याचा वाचायचा चष्मा न्यायला आला. दुकानात गर्दी. आमची घरं संपलेली, नवं खोकं सोमवारी येणार होतं. मी अठरा वर्षांत कुणाला उघडा चष्मा दिलेला नाही. गिऱ्हाइकाने खिशात टाकला की काचेला ओरखडा, आणि परत येऊन आपल्यालाच बोलणार. हात आपोआप खणात गेला. चष्मा पुसला, घरात ठेवला, झाकण लावलं, दिला.

त्याने झाकणावरून अंगठा फिरवला. दोनदा. मग म्हणाला, "घर छान आहे, ताई. मजबूत आहे."

मी म्हटलं, "बसतं ना नाकावर?"

पाच मिनिटांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा चष्मा हातात घेतला आणि घर शोधायला खण उघडला, तेव्हा लक्षात आलं. धावत बाहेर गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. शनिवार, एक तारीख, सकाळचे साडेअकरा. त्याच वेळी तू पेटी उघडून माझं फेब्रुवारीचं पत्र घेत असशील. त्यात मी आईच्या खुब्याचं लिहिलं होतं.

मग तीन दिवस मी काय केलं, ते विचार. काही नाही. त्याने वाचलं नसेल, असं स्वतःला समजावलं. वाचलं तरी त्याला काय कळणार? दुकानं एकमेकांकडून माल घेतात. असं सोमवार संध्याकाळपर्यंत चाललं. या तीन दिवसांत मी पत्र टाकलं असतं तरी तू ते एप्रिलमध्येच वाचलं असतंस, हे खरं. पण मी टाकलं नाही, हेही खरंच.

आता आजचं. आज सकाळी आमचा लेन्सचा एजंट आला. त्याचा फिरतीचा भाग मोठा आहे, तिकडेही माल देतो. त्याच्याकडून त्या दुकानाचा फोन घेतला, मागच्या मोरीजवळ उभी राहिले आणि लावला. एका वयस्कर माणसाने उचलला.

मी म्हटलं, "मी पण चष्म्याच्याच दुकानात काम करते. तुमच्या एका गिऱ्हाइकाबद्दल बोलायचं आहे."

"गिऱ्हाइकांबद्दल मी बोलत नाही," ते म्हणाले.

"नाव मला माहीत नाही. नंबर सांगते. उजवा उणे साडेनऊ. डावा उणे अकरा, सिलिंडर दोन, अक्ष पंधरा."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "वीस."

"काय वीस?"

"अक्ष वीस आहे. पंधरा कुणीतरी नंतर केलाय. मागच्या महिन्यात स्क्रू आवळायला आली तेव्हा मी पाहिलं. म्हटलं हा कोण शहाणा माझ्या कामात हात घालणारा?"

"ती शहाणी मी."

"माझा वीस बरोबर होता, बाई."

"तिचं डोकं दुखत होतं."

"सवय व्हायला पंधरा दिवस लागतात! कुणाला धीर म्हणून नाही."

अशा वेळी आम्ही अक्षावरून भांडत होतो, बारके. मग मीच रडायला लागले. मी सगळं सांगितलं. कपाटावरचा चष्मा सांगितला. चार दिवस सांगितले. निळं घरही सांगितलं.

शेवटी ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "काल दुपारी ते आले होते. फोटो होता. म्हणाले, बायकोला विसरायचा आजार आहे, घरातून निघून गेलीय. बोलताना डोळ्यांत पाणी. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, चहा दिला."

"आणि?"

"आणि सांगितलं. शनिवारी संध्याकाळी दुसरा चष्मा न्यायला येणार आहे म्हणून. आजही सकाळपासून स्टुलावर बसलेत. मी तुमच्याशी आतून बोलतोय."

त्याने दोन दिवसांत जेवढं मिळवलं तेवढं मी दोन वर्षांत विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, तिचा पत्ता द्या, मी तार करते, फोन करते, काहीही करते. तर पत्ता नाही. तू लिहूनच दिला नाहीस. "येऊन नेईन" म्हणालीस. नाव आहे, पण म्हणाले, "नाव मी तुम्हालासुद्धा सांगणार नाही. एकदा चुकलो तेवढं पुरे." मी म्हटलं, सांगू नका.

मग ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "काम कुठे करते कोण जाणे. काचा नेहमी भुरकट."

मी म्हटलं, "पांढरी धूळ."

"हो. पिठाची नाही."

"पीठ फुंकलं की उडतं. ही नाकाच्या पॅडखाली जाऊन घट्ट बसते. मी पिनेने काढली."

"मीही पिनेनेच. ओली झाली की दगड. आणि काचेवर ओरखडा नाही, म्हणजे सिमेंट नाही, वाळू नाही..."

"प्लास्टर," मी म्हटलं.

"साच्यांचं प्लास्टर," ते म्हणाले. "नदीपलीकडे हात धुवायची बेसिनं करतात. अख्ख्या गावात साचे ओतणारा तो एकच कारखाना. पावणेतीनला पाळी सुटते."

बारके, तू लिहिलं होतंस, काम उभं राहून करायचं आहे, पण खिडकी आहे. दोन वर्षं मी त्या खिडकीतून बाहेर काय दिसत असेल याचा विचार करायचे. काचेवरची धूळ माझ्या हाताखाली होती आणि मी ती नळाखाली धरून धुवून टाकली.

उद्या ते फाटकावर जाऊन उभे राहतो म्हणालेत. जातील ना? हे पत्र तुला एप्रिलमध्ये मिळेल किंवा कधीच नाही, म्हणून मनातलं लिहिते. मला त्यांचा फक्त आवाज माहीत आहे. तोच माणूस काल त्याला चहा पाजत होता. आज माझ्याशी खरं बोलतोय की त्याच्यासमोर बसून त्याला सगळं सांगतोय, मला कळायला मार्ग नाही. पण माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

ताई


शुक्रवार, ७ मार्च

बारके,

हे अक्षर माझं नाही. मी फोनवर सांगतेय आणि तुझे चष्मेवाले लिहून घेतायत. आत्ता तुझ्यासमोर उभे आहेत तेच. त्यांना घाबरू नकोस.

हे मीच सांगतेय याची खूण अशी. तू निघालीस त्या आठवड्यात मी तुला कपडे धुवायच्या पावडरीचं खोकं आणून दिलं. तो दारात उभा होता, त्यानेच ते आत नेऊन ठेवलं. पावडरीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत दुसरा चष्मा होता. दोन दिवसांनी तू बाजारात भेटलीस तेव्हा पळून जायचं काही बोलली नाहीस. म्हणालीस, "ताई, डाव्या कानाला टोचतोय." मी भाजीच्या गाड्याआड तो काढून काडी वाकवून दिली. हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आता चष्मेवाल्यांना माहीत झालं.

(काडी वाकवायला गरम करावी लागते. भाजीच्या गाड्याआड कशी वाकवली, हे मला अजून कळलेलं नाही. लेखनिक.)

ते मध्ये मध्ये बोलतायत, बोलू देत.

नीट वाच. तो गावात आहे. बुधवारपासून त्यांच्या दुकानात बसलाय, उद्या संध्याकाळी तू येणार म्हणून. दोष माझा आहे. त्याला गाव माझ्या हातून कळलं. कसं ते पेटीत येणाऱ्या पत्रात आहे, पण ती पत्रं आणायला पोस्टात जाऊ नकोस. पोस्ट त्या दुकानाच्याच रस्त्यावर आहे असं हे सांगतायत. वाचून तुझा राग वाढेल, एवढंच. तो न वाचताही धर.

आत्ता या क्षणी तो तुला पाहू शकत नाही. दर शुक्रवारी यांच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर येतात. नुसते बसलाच आहात तर तुमचेही डोळे एकदा नीट तपासून घ्या, असं यांनी त्याला सुचवलं आणि तो हो म्हणाला. दोन वाजता डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले असतील. बाहुल्या मोठ्या होतात, तीन-चार तास सगळं धूसर. उन्हात तर डोळे उघडत नाहीत. हे ऐकून मला हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली. लाज फार टिकली नाही.

(तपासणी खरी आहे. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. मी फक्त वार साधला.)

म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंतचा वेळ आहे. खोलीवर जायचं तर अर्धा तास, जास्त नाही. स्टँडवरून निघू नकोस, स्टँडवर लोक चेहरे लक्षात ठेवतात आणि भल्या माणसाला सांगतात. कारखान्याच्या मागे माल भरणाऱ्या गाड्या उभ्या असतात. त्यातल्या एका ड्रायव्हरीणबाईंचा चष्मा यांच्याकडचा आहे. त्यांच्याशी यांनी सकाळी बोलून ठेवलंय. त्या चारला निघतात. कुठे जातात ते मी विचारलं नाही. हेही मला सांगणार नाहीत.

तुझा दुसरा चष्मा तयार आहे, यांनी सोबत आणलाय. अक्ष पंधरा ठेवलाय.

(निषेधासह.)

आता शेवटचं. या वेळी नवी पेटी घेऊ नकोस. घेतलीस तर तिचा नंबर मला पाठवू नकोस. चष्मा बिघडला तर तिथेच कुणाकडून करून घे, डोकं दुखलं तर पंधरा दिवस धीर धर. मी नऊ वेळा तुझा चष्मा नीट करून तुला त्या घरात परत पाठवलं, आणि दहाव्या वेळी काय झालं ते माहीत आहेच. माझ्या हातांना सवयी फार आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

आईला मी सांगितलंय की तू आहेस. एवढंच. ती म्हणाली, "मला माहीत होतं. जिवंत माणसासाठीच कुजबुजतात." तुला एक विचारायला सांगितलंय, पण त्याचं उत्तर तू मला कळवू नकोस, मनातल्या मनात दे. जेवतेस ना वेळेवर?

(त्या रडतायत. मी थांबलो आहे.)

थांबू नका, लिहा.

तो उद्या संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत स्टुलावर बसेल. त्याला धीर आहे, रविवारीही गावात फिरेल. सोमवारची बस पकडली तर मंगळवारी दुपारी इथे उतरेल आणि पिशवी घरी न टाकता सरळ माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहील. मालकांना नमस्कार करेल. मग माझ्याकडे बघून, हसून, विचारेल, ताई, कुठे गेली ती?

मला खरंच माहीत नसेल.

ताई